बाबांचं दाढीचं मशीन

४ मार्च, मंगळवार

खताच्या दुकानदारानं दिलेली ही डायरी जानेवारीपासून गल्ल्याखाली कोरी पडली होती. आज उघडली, कारण जे झालं ते कोणाला सांगावं हेच कळत नाही.

दुपारी फोन आला. उटनूरहून कोणी नागेश बोलत होता. त्याचा बस स्टँडमागं जुना लॉज आहे, तो पाडणं चालू आहे. जिन्याखालच्या बंद खोलीत एक रेक्झिनची बॅग निघाली. झाकणाच्या आत पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: अमृतराव सोनुले, इचोडा. "आपके कौन लगते?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, वडील. वारले. मी लहान होतो तेव्हाच वारले.

माझ्या भाजीच्या दुकानासमोर टमाट्याची गाडी तशीच उभी ठेवून उटनूरला गेलो. बॅग ओळखली. भाजीचे पैसे ठेवायला बाबा तीच न्यायचे, तिचा एक कान माझ्याच हातून तुटला होता. आत एक लुंगी, बनियान, पंचा, साबणाची डबी, हातात मावेल एवढा आरसा आणि एक दाढीचं मशीन. प्लास्टिकचं, तपकिरी, वर पिवळट रेघा.

नागेश मराठी बरं बोलतो. म्हणाला, "ती खोली आमच्या बापानं कधी उघडू नाही दिली. आतून चुना मारून कुलूप घातलं होतं. काऊन ते नाही सांगितलं कधी."

बॅग मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं म्हणे.

५ मार्च

रात्री माय झोपली होती, म्हणून सकाळी दाखवली. तिनं हात लावला नाही. पदर तोंडाशी धरून नुसती पाहत राहिली.

"कुठं सापडली?"

"उटनूरच्या लॉजवर."

"औषध-गोळ्या नव्हत्या काय त्यात?"

मी म्हटलं, नाही. बाबांना कसलं औषध होतं? ती म्हणाली, "डोकं दुखे त्याईचं," आणि उठून तुळशीला पाणी घालायला गेली. पाणी तर तिनं आधीच घातलं होतं. वय झालं तिचं.

भाग्यलक्ष्मीनं, माझ्या बायकोनं, संध्याकाळी जे विचारलं तेच दिवसभर माझ्या डोक्यात होतं. "ते बॅग तिथं ठेवून कधी गेले असतील?"

शहाऐंशीच्या पुरात उटनूरहून येणारी जीप नाल्यात वाहून गेली. बाबा त्या दिवशी उटनूरच्या बाजाराला भाजी घेऊन गेलेले. कोणीतरी त्यांना जीपच्या अड्ड्यावर पाहिलं होतं. काही जणांची प्रेतं सापडलीच नाहीत, त्यांत बाबा. दर्भाचा पुतळा करून मी अग्नी दिला. मी चौथीत होतो.

आता दोनच गोष्टी होऊ शकतात. जीपमध्ये बसायच्या आधी त्यांनी बॅग लॉजवर ठेवली असेल, तर सगळं जसं आम्हाला ठाऊक आहे तसंच आहे. पण बॅग नंतरची असेल तर बाबा बुडाले नाहीत. जिवंत होते, तासाभराच्या अंतरावर आले होते आणि घरी आले नाहीत.

लुंगी-बनियानवरून काय कळणार? आरसा कधीचाही असेल. एक ते मशीनच आहे, ज्याचं साल कोणी सांगू शकेल. आणि तेच मला खटकतं. बाबा स्वतः दाढी करतच नव्हते. न्हावी घरी यायचा, ओट्यावर बसून करायचा. मी समोर बसून पाहायचो.

९ मार्च, रविवार

सपना, माझी मुलगी, आदिलाबादहून आली. कॉलेजात आहे, तिला अशा गोष्टींचा मार्ग माहीत. मशीनचे फोटो काढून तिनं जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकले. कोणी लिहिलं, विलायती असेल. कोणी लिहिलं, कचरा आहे. संध्याकाळी मात्र नागपूरहून एका भगवंतरावांचा फोन आला. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, तीनेकशे रेझर आहेत त्यांच्याकडे. फार गोड बोलतात.

"हे तीन भागांचं आहे ना? वरचं झाकण, मधली दातेरी पट्टी आणि दांडा?"

म्हटलं, हो. ब्लेड आत गंजून चिकटलेलं आहे.

"असा संगमरवरी तपकिरी रंग साधारण सत्तरच्या आसपासचा. बेकेलाइट, म्हणजे जुन्या काळचं कडक प्लास्टिक, असेल तर नक्कीच जुनं. गरम पाण्यात धरा, अंगठ्यानं घासा आणि वास घ्या. कार्बोलिकचा, फिनेलसारखा वास आला तर बेकेलाइट." मग म्हणाले, "दांड्याला ते काळं काय गुंडाळलंय?"

सायकलच्या ट्यूबची पट्टी. घट्ट वेढे घेऊन दांडा चांगला जाड केला आहे, मुठीत भरेल एवढा. मी म्हटलं, भाजीवाल्याचे हात, नेहमी ओले. सटकत असेल. ते "असेल, असेल" म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पण दाढीचा दांडा माणूस मुठीत धरत नाही हो, बोटांत धरतो."

पाणी तापवलं. घासलं. वास आला. मला तर नाकात भरला. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "मले तं साबनाचाच येऊन राह्यला." तिला सर्दी आहे.

भगवंतरावांना कळवलं. म्हणाले, मग सत्तर-पंचाहत्तर धरा.

१० मार्च

आज कित्येक दिवसांनी दुकानात बसून गाणं गुणगुणलो. बाबा बुडाले. बिचारे बाबा बुडाले, दुसरं काही नाही. असं लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते.

मंजूताईला तिच्या सासरी, बोथला फोन केला. ती माझी थोरली बहीण. बाबा गेले तेव्हा तिला सगळं कळत होतं, महिनाभर ती जेवली नव्हती. म्हणाली, "बॅग मले पाहाची हाय. बाबाच्या नावानं काई करू या. ब्राह्मन बोलावू."

मायला विचारलं. ती इतक्या जोरात "नको" म्हणाली की भाग्यलक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "झालं ते झालं. आता परत परत कायचं मारता त्याईले?"

१७ मार्च

भगवंतरावांचा फोन. त्यांच्या मनाला काही लागून राहिलंय. "सुरेंद्रराव, एक विसरलो. त्या काळी खेड्यापाड्यांत लाल कार्बोलिक साबण फार चालायचा. साबणाचा थर असला तर वास त्याचाही येतो. मधल्या पट्टीच्या खालच्या बाजूला बघा. काही अक्षरं, नंबर?"

साबणाची डबी उघडली. लाल वडीचा तुकडा, वाळून तडकलेला. त्यालाही तोच वास.

पट्टी दांड्यातून सुटत नव्हती. कोमट पाण्यात भिजत ठेवली, मग जुन्या टूथब्रशनं खालचा थर खरवडला. थरात केसांची बारीक खुंटं अडकलेली होती. बरीच पांढरी. बाबांचे केस तर कोळशासारखे काळे होते, फोटोतही आहेत. साबणाचेच कण असतील ते, वाळले की तसे दिसतात.

खाली एक कमळ उमटलं आणि त्याभोवती इंग्रजीत लिहिलेलं की हे डिझाइन सरकारी नोंदलेलं आहे, पुढं नंबर. सपनाला फोटो पाठवला, तिनं नागपूरला पाठवला.

माय दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. "काय खरवडून राह्यला?" म्हणाली. मी म्हटलं, साल काढून राह्यलो, माय. ती वळून आत गेली. जेवली नाही. पित्त झालं म्हणाली.

२१ मार्च

आज कळलं.

भगवंतराव आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "असे नंबर क्रमानं दिले जातात, त्यामुळं साल काढता येतं. मी सरकारी गॅझेटमधून ताडून पाहिलं. हा नंबर एक्याण्णव सालचा आहे. साचा जुन्या धाटणीचा आहे, म्हणून मी फसलो. साधं प्लास्टिक आहे, बेकेलाइट नव्हे. मला क्षमा करा."

मी म्हटलं, शहाऐंशीत कोणाच्या बॅगेत हे असूच शकत नाही?

"नाही. शक्यच नाही." मग हळूच म्हणाले, "कोणाचं होतं हे?"

मी फोन ठेवला. इतक्या भल्या माणसाला उत्तर न देता.

दुकान उघडं ठेवून मागं पोत्यांवर बसलो. माझ्या हातानं मी गवताचा पुतळा जाळला होता, आणि ज्याच्यासाठी जाळला तो माणूस पाच वर्षांनंतर दुकानात जाऊन दाढीचं मशीन निवडत होता.

२२ मार्च

बाबांचा फोटो भिंतीवरून उतरवला. भाग्यलक्ष्मी म्हणाली, मायला काय सांगाल? म्हटलं, रंग द्यायचा आहे.

कुठंतरी दुसरी बाई असेल. दुसरं घर. तिच्या पोरांना घेऊन उटनूरच्या बाजाराला आला असेल. मायनं डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकली. मंजूताईला सातवीतून काढलं. मी थंडीत पहाटे वांगी तोडायला जायचो तेव्हा बोटं सुन्न व्हायची, आणि हा माणूस आरशात बघून गुळगुळीत दाढी करत होता.

मंजूताईला फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, "एक्यान्नवच्या नंतर? माहं लगन त्र्यान्नवले झालं, सुरेंद्र." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

तिच्या लग्नात कन्यादान मामानं केलं होतं. बाप नाही म्हणून.

२६ मार्च

 आजच लिहितो, उद्या शब्द बदलतील.

सकाळी बॅग परसात नेऊन रॉकेलची बाटली घेतली. माय भिंत धरत धरत आली. तिला गुडघ्यांनी चालवत नाही, पण आली.

"जाळू नको."

"माय, तो माणूस बुडाला नव्हता. तुले मालूम नाई. तो..."

"मले मालूम हाय."

मी बाटली खाली ठेवली.

ती चुलीजवळच्या दगडावर बसली. जे बोलली ते माझ्याकडं न बघता बोलली. शब्द तिचेच लिहितो, मला जसे आठवतात तसे.

"तुह्या बाबाले अंगावर चट्टे आले होते. आंधी हातावर. तिथं चिमटा घेतला तरी समजे नाई. एक डाव चुलीतलं लाकूड धरलं, बोट जळलं, वास मले आला, त्याईले नाई समजलं. आदिलाबादच्या डॉक्टरनं नाव सांगितलं त्या रोगाचं. घरी येऊन तीन दिवस बोलले नाई. मंग म्हने, मथुरा, या हातची वांगी कोन घीन? लोकाईले समजलं तं तुह्या हातचीबी कोन घेनार नाई. मंजूले कोन करीन?"

म्हणजे महारोग. मायनं तो शब्द उच्चारला नाही, मी लिहितो.

"उटनूरच्या बाजाराले जातो म्हनून गेले ते तिकून दवाखान्यात जाची गोठ होती. नदीपलीकडं, त्या लोकाईच्या आश्रमात. दुसऱ्या दिवशी जीप वाहून गेल्याची खबर आली. मलेबी वाटलं गेले. खरंच वाटलं रे. मी लोळून लोळून रडली. बांगड्या फोडल्या. तू अग्नी देल्ला. दिवाळीच्या आंगंमांगं एक बाई निरोप घेऊन आली, जिता हाय म्हने. आता मी काय करू? लोकाईले काय सांगू? जिता हाय तं कुठं हाय, हे सांगा लागे. मी त्या बाईजवळ सांगून धाडलं, तुमी गेले हे बरं झालं. असंच राहू द्या."

"आनि तू पांढऱ्या कपाळानं राह्यली?"

"कपाळाचं काय घेऊन बसला," ती म्हणाली.

मी विचारलं, मग बॅग कशी आली?

 "मंजूच्या लगनाले आले होते."

लग्नाचं त्यांना कसं कळलं तिला माहीत नाही. गोरज मुहूर्त होता, आमच्याच अंगणात मांडव होता. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मायनं पाण्याच्या टँकरपाशी कोणीतरी उभं असलेलं पाहिलं, जवळ गेली तर बाबा. इचोड्यात कोणी ओळखू नये म्हणून उटनूरला उतरलो, लॉजवर बॅग ठेवून आलो, असं ते म्हणाले.

"मी म्हटलं, जा. वऱ्हाडी पाहून राह्यले. एवढंच म्हटलं. ते म्हने, अक्षदा टाकू दे, मंग जातो. मी म्हटलं, हात दिसते तुमचा. जा. मंग गेले."

 कोंबड्या बॅगेपाशी टोचत होत्या, मी हाकलल्या. मग तिनं मान वर केली, आणि तिचा चेहरा असा झाला की तो मला विसरता येणार नाही.

"सुरेंद्र, मले तं वाटे ते लॉजवर गेले, तिथून आश्रमात गेले. तिथं राह्यले, म्हातारे झाले. त्याईचं चांगलं चाललं असन, असं मी रोज म्हने मनाशी. पन बॅग तं तिथंच हाय." तिनं माझा दंड धरला. "मंग त्या दिवशी ते लॉजवर परत गेलेच नाई काय?"

 मी साल काढत बसलो होतो. मायचा नवरा त्या मांडवातून कुठं गेला, हा प्रश्न त्या बॅगेनं तिच्यापुढं आणून ठेवला होता.

२७ मार्च

त्या संध्याकाळी टँकरवर मीच होतो. मोठा झालो म्हणून पाण्याचं काम माझ्याकडं होतं. घागरी भरून भरून देत होतो. कोणी माणूस उभा असलेला मला आठवत नाही. दिवसभर आठवून पाहिलं. त्यांनी मला पाहिलंच असेल.

दांडा जाड का केला होता ते आता कळलं. बोटं वळत नव्हती, मुठीतच धरता येत असेल. न्हावी त्या तोंडाला हात लावणार नाही, म्हणून स्वतःचं मशीन. ते हात पाहूनच नागेशच्या बापानं खोली चुना मारून बंद केली असेल. ट्यूबच्या वेढ्यांना शेवटी दातानं ओढून गाठ मारलेली दिसते.

फोटो भिंतीवर परत लावला.

३० मार्च, पाडवा

फुलं, कडुनिंब, आंब्याचे डहाळे. सकाळपासून गिऱ्हाईक. मायनं गुढीला नमस्कार केला नाही. भाग्यलक्ष्मी तिच्याजवळ बसून राहिली. दोघी काय बोलल्या माहीत नाही.

२ एप्रिल

भाग्यलक्ष्मी म्हणाली, "तुमी जाऊन पाहा. न जाता इथं बसून दोघंबी झुरान." म्हणून गेलो.

आश्रम नदीपलीकडं, महाराष्ट्रात. फाट्यापासून आत चालत. चांगली झाडी आहे, विणकामाचे माग आहेत, गोठा आहे. ऑफिसातल्या मुलीला इतकं जुनं काही सांगता येईना. तिनं मला चंपतरावांकडं पाठवलं. तिथले सगळ्यांत जुने. रोग कधीच बरा झाला, पण गेले नाहीत कुठं. झाडाखाली खाटेवर बसले होते. दोन्ही हातांना बोटं नाहीत, डोळे बारीक, हसरे.

नाव सांगितलं. "अमृतराव सोनुले, इचोड्याचे."

"अमृत?" ते सरसावून बसले. "तू त्याचा कोन?"

"मुलगा."

त्यांनी दोन्ही हात माझ्या गालांना लावले. "वांगे लावाचा इथं. अशी वांगी मी जन्मात नाई खाल्ली. पोरीच्या लगनाले गेला. महिनाभर तयारी चालली होती त्याची. शर्ट शिवला. दाढीचं मशीन आनलं, धरता येत नव्हतं तं त्याले ट्यूब गुंडाळली, रोज माह्यासमोर बसून शिके, गाल कापून घे. मी म्हनो, अरे तुले कोन पाहून राह्यलं? तं म्हने, पोरीच्या लगनात खुरट्या तोंडानं कसं जाऊ?"

मी विचारलं, मग परत आले का?

"कायले परत येतो?" चंपतराव हसले. "घरच्याईनं ठेवून घेतला ना त्याले! आमी चार दिवस वाट पाह्यली, मंग समजलं, ठेवून घेतला. त्या दिवशी इथं गूळ वाटला आमी. इथून गेलेल्या मानसाले घरी ठेवून घेतल्याचं आमी पहिल्यांदा पाह्यलं. अजूनबी नवीन कोनी रडाले लागला तं मी सांगतो, आमच्या अमृतले पाह्य, त्याच्या घरच्याईनं ठेवून घेतलं." ते माझ्याकडं पाहत होते. "किती वर्सं राह्यला तुमच्याजवळ?"

झाडाखाली आणखी दोन-तीन जण येऊन उभे होते. एक बाई होती, तिच्या पायाला पट्टी.

"शेवटपर्यंत," मी म्हटलं.

"सुखानं गेला?"

"हो. झोपेत."

त्यांनी त्या बाईकडं पाहून मान हलवली. बघ, म्हणाल्यासारखी.

फाट्यापर्यंत परत चालत आलो. एका पुलाच्या कठड्यावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. ट्रक जात होते. आमच्या दुकानासमोरूनही असेच जातात. त्या दिवशी मांडवातून निघालेला माणूस, बोटं न वळणारा, उपाशी, अंधार पडत असताना त्या रस्त्यानं निघाला असेल. रस्त्यावर कोणी बेवारस माणूस मेला तर त्याचं काय करतात, हे मला ठाऊक आहे. पुढचं मी लिहीत नाही.

३ एप्रिल

वाटेत ठरवलं होतं की चंपतरावांना सांगितलं तेच मायलाही सांगायचं. परत आले होते, आश्रमात राहिले, झोपेत गेले. शब्दही जुळवून ठेवले होते.

मायनं विचारलं, "गेले होते काय परत?" आणि माझ्या तोंडाकडं असं पाहिलं की ते शब्द निघाले नाहीत.

"नाई, माय."

तिनं मान हलवली. मग मी बाकीचं सांगितलं. गुळाचंही सांगितलं. ते ऐकून तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "चारशे मानूस जेवलं त्या दिवशी. बुंदी उरली होती. जेवता काय, एवढं नाई इचारलं मी."

भाग्यलक्ष्मीनं तिला जवळ घेतलं. मी दुकानात गेलो. काकड्यांवर पाणी मारायचं राहिलं होतं.

६ एप्रिल, रविवार

मंजूताई आली. तिला मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर मायनंच सगळं सांगितलं, चट्ट्यांपासून टँकरपर्यंत. मला वाटलं ताई भडकेल. माझं लग्न, माझा बाप, आणि मला कोणी सांगितलं नाही, असं म्हणेल. म्हणायचा हक्क होता तिला. तिनं फक्त विचारलं,

"दिसत कसा होता, माय?"

"पांढरा शर्ट. इस्तरीचा. दाढी गुळगुळीत केली होती, गालावर दोन जागी कापलं होतं." मायनं स्वतःच्या गालावर जागा दाखवली. "सोयऱ्या-धायऱ्याईत एकबी मानूस इतका चांगला दिसत नव्हता. नवरीचा बाप दिसे."

"अक्षदा होत्या त्याच्या हातात?"

"होत्या. कोनी वाटल्या असन, घेतल्या असन त्याईनं. मूठ मिटली होती. मी जा म्हटलं तवा उघडाले गेले तं बोटं उघडेनात. दुसऱ्या हातानं एक एक बोट उघडलं. अन् टाकल्या मांडवाकडं. तिथून कुठं पोचतात."

ताई उठली. "कुठं उभा होता? दाखव मले."

मायला उठवत नव्हतं. आम्ही दोघांनी धरलं. अंगणात आता सिमेंट केलंय, टँकर उभा होता तिथं माझे भाजीचे रिकामे क्रेट रचलेले असतात. माय त्यांच्यापाशी येऊन थांबली, इकडं तिकडं पाहिलं, एक पाऊल मागं सरली आणि बोट दाखवलं.

मी क्रेट बाजूला केले. ताई तिथं जाऊन उभी राहिली. मांडव जिथं होता, तिच्या पाटाची जागा जिथं होती, तिकडं तोंड करून. उन्हं उतरली होती.  गल्लीतून कोणी सायकलवर गेलं, त्यानं वळून पाहिलं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "इथून तं सगळं दिसते, माय."